कोपनहेगनचे दोन दिवस

पुरुषोत्तम खांबेटे जेवायला येणार असले की माझा नवरा गिरीश मला आधीच बजावून ठेवायचा, "आज कोपनहेगन निघालं तर मी सरळ बेसमेंटमध्ये जाऊन फर्नेसचा फिल्टर बदलत बसेन." आणि कोपनहेगन निघायचंच. पुरी-भाजी होईपर्यंत माणूस मुकाट असायचा. श्रीखंडाची वाटी पुढे आली (आमचं श्रीखंड म्हणजे सावर क्रीम, साखर आणि केशराच्या नावाखाली चिमूटभर पिवळा रंग) की चमचा हातात धरून म्हणायचे, "वहिनी, ठाऊक आहे का, कोपनहेगनला एक मनोरा आहे, त्याला जिनाच नाही."

जिना नाही, म्हणजे आतून गोल गोल चढत जाणारा रस्ता आहे. रशियाचा एक झार त्यावरून घोड्यावर बसून वर गेला आणि मागून त्याची राणी बग्गीतून, अशी तिथली गोष्ट. मग शेअर बाजाराच्या इमारतीवरचे चार ड्रॅगन, शेपट्यांना पीळ घालून उभे. ते आहेत म्हणून इमारतीला आग लागत नाही, असं गावातले लोक मानतात. मग बिअरच्या कारखान्याच्या दारातले दगडी हत्ती, अंगावर स्वस्तिक असलेले. "हिटलरच्या आधीचे बरं का," हे बोट वर करून. मग डेन्मार्कची जहाजं या गावातून निघून तामिळनाडूला कशी गेली आणि समुद्रकाठचं एक गाव सव्वादोनशे वर्षं कशी धरून बसली. मग चौकातल्या इमारतीवरच्या सोनेरी मुली. ऊन असलं की सायकलवाली बाहेर येते, पाऊस असला की छत्रीवाली.

शेवटी घड्याळ. घड्याळाशी आले की खांबेटे चमचा खाली ठेवत. ते घड्याळ नगरपालिकेच्या इमारतीत आहे. एक माणूस जन्मभर त्याची आकडेमोड करत बसला आणि ते सुरू व्हायच्या दहा वर्षं आधीच वारला. त्यातलं सगळ्यात सावकाश चाक एक फेरी पुरी करायला पंचवीस हजार सातशे त्रेपन्न वर्षं घेतं.

"म्हणजे आपल्या मराठी मंडळाच्या जनरल बॉडीपेक्षा जरा लवकरच उरकतं," मी म्हणायचे.

सगळे हसायचे. खांबेटेही हसायचे, पण सगळ्यांच्या नंतर.

त्या टेबलावर मला आणि त्यांच्या बायकोला ठाऊक होतं आणि बाकी कुणाला नव्हतं, ते असं : त्या घड्याळापुढे हा माणूस उभा होता त्याच वेळी मिरजेत त्याची आई गेली. आणि त्याला कोपनहेगनला उतरवलं होतं मी.

माझं काम तिकिटांचं. अमेरिकेत, इलिनॉयमधल्या नेपरव्हिलला मक्याची शेतं मोडून घरं उठत होती, दर महिन्याला एखादं मराठी कुटुंब येत होतं आणि प्रत्येकाला दोन-तीन वर्षांनी देशात जायचं असायचं. बेसमेंटमध्ये एक टेबल, दोन फोन आणि वेळापत्रकांची जाडजूड बाडं एवढ्यावर मी दुकान मांडलं. डॉक्टरला सांगणार नाहीत ते लोक तिकीटवालीला सांगतात. कुणाची सासू सहा महिन्यांसाठी येते आणि तीन महिन्यांत परतीची तारीख बदलली जाते. कुणी नवरा-बायको वेगवेगळ्या आठवड्यांत जातात आणि 'सुट्टी जमली नाही' म्हणतात. कुणी येऊन नुसतं 'सगळ्यात लवकरचं' म्हणतं आणि खाली बघत उभं राहतं. त्याला मी खुर्ची देते, कारण विचारत नाही. माणसं मला तारखांवरून कळतात. त्याचं कौतुक नको, सवय आहे.

त्र्याऐंशीच्या सप्टेंबरात खांबेटे तिकिटासाठी आले. टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करणारा सरळमार्गी इंजिनियर, बायको पद्मजा, एक मुलगी मृणालिनी. आई मिरजेत, दोन वर्षं अंथरुणाला टेकलेली. तिला सांभाळायला मोठी बहीण शोभा. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी, लग्न न केलेली. हे तिला अक्का म्हणत. अक्काचं निळं पत्र आलं होतं : 'आई तशी बरी आहे. तुझी वाट बघते. दिवाळीपर्यंत थांबू नकोस.' असली पत्रं आमच्या प्रत्येकाच्या घरी यायची. 'बरी आहे' आणि 'लवकर ये' एकाच ओळीत.

"वहिनी, सरळ जाणारं बघा," खांबेटे म्हणाले.

"सरळ काय जाता? या तिकिटावर कोपनहेगनला दोन रात्री हॉटेल फुकट आहे. चौदा वर्षं झाली तुम्हाला येऊन. प्रयोगशाळा आणि मिरज सोडून तिसरं काही बघितलंय का?"

"तसं नव्हे, पण आई..."

"दोन दिवसांत आई कुठं पळून जाणार आहे का?"

हसले. म्हणाले, "बरं, टाका तसं."

फुकटचा मुक्काम सोडायचा नाही, हा आमच्या पिढीचा नियम. कुणी फ्रँकफर्टला उतरतं, कुणी ॲमस्टरडॅमला. देशात कळवायचं मात्र नाही, कारण तिकडचे दिवस मोजत बसलेले असतात आणि त्यातले दोन आपण परस्पर कापले, हे लिहायचं कसं? खांबेट्यांनीही घरी लिहिलं, 'बाराला निघतो.' अक्कानं बोटांवर मोजलं : चौदाला दुपारी दारात.

चौदा ऑक्टोबरला सकाळी साडेसातला पद्मजाचा फोन आला. मिरजेहून चुलतदिरांचा ट्रंक कॉल होऊन गेला होता. त्यांच्या दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आई गेल्या. लाइन खरखरत होती, पलीकडून दीर ओरडत होते, "पुरुषोत्तम कुठाय? सकाळपासून वाट बघतायत इथं!" आणि पद्मजाच्या तोंडून निघून गेलं, "विमान बिघडलंय हो, कोपनहेगनला अडकलेत."

"सुलेखाताई, मी असं का बोलले?" ती मला विचारत होती. सासूसाठी रडणं अजून सुरू झालेलं नव्हतं.

मी हॉटेलात फोन लावला. साहेब गाव बघायला गेलेत, म्हणाले. निरोप ठेवला. तो त्यांना संध्याकाळी मिळाला. दुसऱ्या दिवसाच्या आधी एकाही विमानात जागा मिळाली नाही, मी सगळीकडे विचारलं. मिरजेत त्याच संध्याकाळी चुलतभावानं अग्नी दिला. एकुलता एक मुलगा सोळाला दुपारी पोचला. अक्कानं त्यांना जवळ घेतलं आणि म्हणाली, "तुझा काय दोष? यंत्र बिघडलं, त्याला कोण काय करणार." हे त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं. म्हणाले, "मी तोंड उघडलं होतं, वहिनी. तिनं हे म्हटलं आणि मी मिटलं."

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी. वाटेत कुठं उतरलात तर परत आल्यावर स्लाइड्स दाखवाव्या लागतात. मंडळाचा सेक्रेटरी चारुदत्त, त्याचा प्रोजेक्टर. बेसमेंटमध्ये चादर टांगायची, राइस क्रिस्पीजचा चिवडा मधे ठेवायचा, आणि दुसऱ्याचं फ्रँकफर्ट मुकाट्यानं बघायचं, कारण उद्या आपलं त्यानं बघायचं असतं. खांबेट्यांना सगळे विचारायला लागले, "स्लाइड्स कधी?" नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. आणि स्लाइड्स नाहीत तर मग लोक विचारणार, आईचं कसं झालं?

त्यांनी स्लाइड्स दाखवल्या. ऐंशी. लोकांनी आणखी प्रश्न विचारले तेव्हा लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचली. मिरजेचं विचारलं की त्यांनी कोपनहेगनचं सांगायचं, असं ते हळूहळू ठरूनच गेलं. आई त्यांच्या 'वाटेत असताना' गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते वाटेत कोपनहेगनला उतरले, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. दोन्ही तारखा शेजारी ठेवून कुणी बघितल्या नाहीत. मी बघितल्या होत्या. म्हणून मी चेष्टा करायचे. घड्याळावर विनोद केला की विषय तिथंच थांबायचा.

शहाऐंशीच्या जूनमध्ये अक्का निवृत्त होऊन तीन महिन्यांसाठी यायची होती. तिचं तिकीट माझ्याकडेच. तिकीट घ्यायला आलेले खांबेटे ते घेऊनही उभेच राहिले.

"अक्काला विमान बिघडलं एवढंच ठाऊक आहे."

"मंडळातल्या चाळीस माणसांनी तुमच्या स्लाइड्स बघितल्यात, पुरुषोत्तमराव. काहींनी दोनदा."

"म्हणून तर आलो." ते तिकिटाचं पाकीट बोटांत फिरवत होते. "मला आता तीच आहे, वहिनी. आईच्या वेळी मी फिरत होतो हे तिला कळलं, तर मिरजेत मी कुणाकडे जाऊ?"

मी बारा घरी फोन केले. 'अक्कांसमोर कोपनहेगन काढू नका, पुरुषोत्तमरावांना आईची आठवण येते.' इतक्या आनंदानं माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मंडळातली सरला म्हणाली, "अगं, ही तर मोठीच सोय झाली!" चारुदत्तनं विचारलं, "म्हणजे आख्खा समर सुट्टी? की फक्त अक्का असेपर्यंत?"

अक्का आली. उंच, ताठ, सुती पातळ आणि त्याखाली मृणालिनीनं आणून दिलेले पांढरे टेनिस शूज. पहिल्या आठवड्यात तिनं सगळ्या कॉलनीचा नकाशा काढला आणि उत्तर दिशा दाखवणारा बाण घातला.

"इलिनॉय. मका आणि डुकरं," ती म्हणाली.

"आत्या, नो! वी लिव्ह इन अ सबर्ब!" मृणालिनी ओरडली.

"असू दे. परीक्षेत मकाच लिहायचं."

तिसऱ्या आठवड्यात ती चालत माझ्याकडे आली. दीड मैल. बेसमेंटमध्ये उतरून सगळी वेळापत्रकं निरखली आणि समोर बसली.

"तू तिकिटांचं बघतेस ना? मग मला त्या विमान कंपनीचा पत्ता दे."

"कशाला हो अक्का?"

पिशवीतून फुलस्केप कागद काढला. समास सोडलेला, इंग्रजी वळणदार. मॅनेजरसाहेबांना पत्र. आपल्या विमानातील बिघाडामुळे माझ्या भावास दोन दिवस कोपनहेगन येथे अडकवून ठेवण्यात आले, परिणामी मरणासन्न मातेची भेट झाली नाही. तारखा सगळ्या बरोबर.

"मला पैसे नकोत," अक्का म्हणाली. "एक ओळ हवी. आमच्याकडून चूक झाली, एवढी. चौदाला सकाळी आईनं माझ्याकडून वेणी घालून घेतली. दोन वर्षांत तिनं आरसा मागितला नव्हता, तो मागितला. आणि तुमचं यंत्र बिघडतं!"

"कंपन्या असं लिहून देत नाहीत, अक्का."

"मागितल्याशिवाय कसं देतील? पुरुषोत्तमला म्हटलं, तर म्हणतो जाऊ दे. तो पहिल्यापासून मवाळ. आमच्या शाळेला पाणी नव्हतं ना, तेव्हा दोनशे पालकांच्या सह्या घेऊन गेले होते मी. सह्या असल्या की वाचतात."

मी पत्ता दिला नाही. शोधून देते म्हटलं. संध्याकाळी खांबेट्यांना फोन केला, "तुम्ही सांगून टाका आता. तुमच्या तोंडून कळलेलं बरं."

"सांगतो," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यातही म्हणाले, "सांगतो." त्याच्या पुढच्या आठवड्यात फोन पद्मजानं घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, "रोज रात्री तिच्या खोलीच्या दारापर्यंत जातात हो. पाणी हवंय का विचारतात आणि परत येतात."

जुलैच्या शेवटच्या रविवारी खांबेट्यांच्याच बेसमेंटमध्ये मंडळ जमलं. चाळीसेक माणसं, घडीच्या खुर्च्या, ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये मसालेभात. पाहुणी आली की तिला नायगारा दाखवायचा, म्हणून चारुदत्त प्रोजेक्टर मांडत होता. अक्का उठून चादरीपुढे उभी राहिली. छत्तीस वर्षं वर्गापुढे उभी राहिलेली बाई, सगळे आपोआप गप्प झाले.

"दोन मिनिटं घेते तुमची," ती म्हणाली. आणि तिनं पत्र वाचलं. आधी इंग्रजीत, मग कुणाला अडू नये म्हणून मराठीत. मग क्लिपबोर्डला लावून पहिल्या रांगेत दिलं. "तुम्ही सगळे माझ्या भावाची माणसं. खाली सही करा."

मी खांबेट्यांकडे बघितलं. ते मागच्या भिंतीशी, हातात मठ्ठ्याचा जग धरून उभे होते.

जे गणित मी तीन वर्षांपूर्वी केलं होतं ते आता चाळीस माणसं एकदम करत होती. मला ते चेहऱ्यांवर दिसत होतं. मनोरा, हत्ती, सोनेरी मुली, सगळं त्यांनी चिवडा खात बघितलं होतं. चारुदत्तनं पहिली सही केली. सेक्रेटरी आहे, कागद आला की सही करायची सवय. सरलानं चष्मा कुठे आहे म्हणून शोधला, तो नाकावरच होता. तिनं केली. गिरीशनं माझ्याकडे बघितलं आणि वाचता येणार नाही अशी केली. मी केली. होय, मीही केली. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. क्लिपबोर्ड रांगेतून रांगेत जात होता आणि पेन घासल्याचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता होती.

"एवढे गप्प का सगळे?" अक्कानं विचारलं.

कुणी वर बघितलं नाही.

"वर्गात खिडकीची काच फुटली की पोरी अशाच बसतात," ती म्हणाली, आणि एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत भिंतीपर्यंत गेली.

क्लिपबोर्ड भावाच्या हातात पोचला होता. त्यांनी जग खाली ठेवला, पेन घेतलं, कागदावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"अक्का, विमान वेळेवर होतं."

"कुठलं?"

"माझं. तेराला सकाळी पोचलं. मी उतरलो. दोन रात्री हॉटेल मिळत होतं तिकिटावर."

 वर्गात उत्तर अर्धवट आलं की विचारतात तशा आवाजात अक्का म्हणाली, "मग दोन दिवस काय करत होतास?"

तिथं माणूस काहीही म्हणाला असता. चुकलो म्हणाला असता, रडला असता. खांबेट्यांच्या तोंडून जे तीन वर्षं येत होतं तेच आलं.

"तिथं एक मनोरा आहे, अक्का. त्याला जिना नाही. आणि नगरपालिकेत घड्याळ आहे एक, चौदा-पंधरा हजार भागांचं. ज्यानं केलं तो सुरू व्हायच्या आधीच गेला. त्यात एक चाक आहे, ते पंचवीस हजार सातशे त्रेपन्न वर्षांनी..." त्यांना थांबता येत नव्हतं. आवाज चढत होता. पद्मजा उठली आणि परत बसली. मृणालिनी जिन्याच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "बाबा, स्टॉप." तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. "चौदाला कुठं होतास? दुपारी?"

"तिथं सकाळ होती. त्या घड्याळापुढे."

"आपल्याकडची वेळ दिसते त्यात?"

"सगळ्या जगाची दिसते. मी बघितली." ते म्हणाले, "चार वाजून गेले होते. म्हटलं, आई चहा घेत असेल."

अक्का त्यांच्यापर्यंत चालत गेली. हातातून क्लिपबोर्ड घेतला, कागद सोडवला, चार घड्या केल्या. "मठ्ठा बराच उरलाय," ती सगळ्यांना म्हणाली. "घ्या, संपवून टाका." आणि जिना चढून वर गेली. नायगारा त्या दिवशी कुणी बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ती माझ्याकडे आली. पुन्हा चालत.

"तारीख बदलून दे. या आठवड्यातली. विमान कुठं उतरेल तिथं उतरू दे, मी उतरणार नाही."

मी वेळापत्रक उघडलं आणि मिटलं. "अक्का, त्यांना मी पाठवलं. ते सरळ जाणारं मागत होते. दोन दिवसांत आई पळून जाणार आहे का, असं मी म्हटलं. चेष्टेत."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तू तिकीट विकत होतीस. आई तुझी नव्हती."

एवढ्यावर तिनं मला सोडून दिलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मी फोन लावला, गुरुवारची जागा मिळाली. तिकीट बदलून मिळेपर्यंत तासभर ती बसून राहिली. मी चहा केला. कप हातात घेऊन ती बोलायला लागली, माझ्याशी नव्हे, समोरच्या वेळापत्रकांशी.

"दुपारी साडेतीनला आईचा श्वास लागला. ती विचारत राहिली, आला का? आला का? मी सांगितलं, आला. अंघोळीला गेलाय. तर म्हणाली, पाणी तापलंय ना? म्हटलं, तापलंय. मग म्हणाली, आधी त्याला वाढ. त्यानंतर काही बोलली नाही. चेहरा अगदी..." तिनं हातानं हवा सपाट केल्यासारखं केलं. "अगदी निवला होता."

तिनं कप खाली ठेवला.

"जाणाऱ्या माणसाशी मी खोटं बोलले. जन्मात कुणाशी बोलले नव्हते. पोरींना छडी मारली ती खोट्यासाठीच मारली. रोज रात्री स्वतःला सांगायचे, शोभा, यंत्र बिघडलं, तू काय करणार होतीस? त्या कंपनीनं एकदा लिहून दिलं असतं की चूक आमची, म्हणजे माझं संपलं असतं."

ते पत्र कशासाठी होतं हे तेव्हा मला कळलं. एवढी माणसं ओळखणारी मी, आणि मला वाटत होतं की ते आईसाठी आहे.

"अक्का," मी म्हणाले, "हे पुरुषोत्तमरावांना सांगा. आईंना ते आलेत असं वाटूनच त्या गेल्या. तेवढं कळलं तर तो माणूस..."

"तर त्याला झोप लागेल," अक्का म्हणाली. "मला ठाऊक आहे. म्हणूनच नाही सांगणार. आणि तूही सांगायचं नाहीस. शब्द दे."

"असं नका करू."

"मी ते पाप यंत्रापायी केलं असं समजत होते. ते त्याच्या फिरण्यापायी केलं होतं. आता तेच त्याला सुख म्हणून नेऊन देऊ? नाही जमणार मला. पुढं कधी जमलं तर मी सांगेन. तू नाही."

मी शब्द दिला.

गुरुवारी ओहेअर विमानतळावर खांबेट्यांनी तिच्या बॅगा उचलल्या, वजन केलं, लेबलं तपासली. पाया पडले. तिनं पडू दिलं. आशीर्वाद काय दिला तो मी ऐकला नाही, ओठ हलले एवढं बघितलं. मृणालिनीला मात्र बराच वेळ धरून ठेवलं.

त्यानंतर पत्रं यायची ती पद्मजाच्या नावानं. शेवटी 'सर्वांस आशीर्वाद'. खांबेटे जेवायला येत राहिले. श्रीखंड येई आणि जाई. दिवाळीला गिरीशलाच राहवलं नाही, तो म्हणाला, "ते तुमचं घड्याळ काय हो, किती वर्षांनी फिरतं ते?" खांबेट्यांनी जरा आठवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "कुठलं?"

डिसेंबरात एका संध्याकाळी ते माझ्या बेसमेंटमध्ये आले. बाहेर बर्फ पडत होतं, बुटांचं पाणी गालिच्यावर उतरत होतं आणि ते तिथंच उभे होते.

"वहिनी, अक्का त्या दिवशी तुमच्याकडे तासभर बसली होती. माझ्याविषयी काही बोलली का?"

"तिकिटाचं बोलत होत्या."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी मान हलवली. "आईनं शेवटी काही विचारलं का, हे मी अक्काला कधी विचारलंच नाही. भीती वाटायची. आता तर कुठल्या तोंडानं विचारू?"

मी शब्द दिला होता. टेबलाची कड धरून मी म्हणाले, "मार्चमध्ये मिरजेला जा, पुरुषोत्तमराव. समोर बसून विचारा त्यांना."

"दार उघडेल ती?"

"सतराला जागा आहे. धरून ठेवते."

"बघतो," ते म्हणाले, आणि जिना चढून गेले.

जागा मी दहा दिवस धरून ठेवली. रोज फोन वाजला की वाटायचं त्यांचाच. त्याहून जास्त दिवस धरता येत नाही. अकराव्या दिवशी सोडली. दुसऱ्या एका बाईंनी ती घेतली, पुण्यात मुलीला मुलगा झाला होता.